नेपाळमधल्या गावाचा निरोप कसा घ्यायचा

निघायची तारीख पक्की झाली की आधी ती नेपाळी पंचांगात बसवून घ्या. लमजुङच्या डोंगरात तुम्ही ‘२७ मार्च’ म्हणालात तर हेडसर मान हलवतील, पण ज्या घरात तुम्ही राहता तिथल्या बाईला त्यातून काही बोध होणार नाही. तिथे शाळा, बाजार, लग्न, पेरणी सगळं विक्रम संवतावर चालतं आणि तारखेला ‘गते’ म्हणतात. २७ मार्च म्हणजे चैत १४ गते, एखाद्या वर्षी दिवसभर पुढेमागे. त्यांचे महिने सौर आहेत, त्यामुळे आपला चैत्र आणि त्यांचा चैत जुळत नाही. आपण गुढी उभारतो तेव्हा त्यांचं जुनंच वर्ष चालू असतं. नवं वर्ष एप्रिलच्या मध्याला, वैशाख १ गतेला लागतं. एवढं पाल्हाळ अशासाठी की ‘चैत १४ गते जाणार’ असं म्हटल्याबरोबर समोरच्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो. त्याआधी परीक्षा आहे, त्या सुमारास वरच्या घरचा मुलगा कतारहून सुट्टीला येतोय, त्या दिवशी जीप खाली जाते की नाही. गाव तुमच्या जाण्याची तयारी करू लागतं. इंग्रजी तारखेने ते होत नाही.

मी वाई तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतून गणिताची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. आता थंडी सुरू झाली की लमजुङ जिल्ह्यात, बेंसीसहरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गुरुङ (डोंगरातली एक जमात) गावी जाते आणि तिथल्या सामुदायिक विद्यालयात सहावी ते आठवीला शिकवते, शाळेचं वर्ष संपेपर्यंत. वाई कुठे हे तिथे कोणाला ठाऊक नाही, म्हणून मी ‘मुम्बईकी दिदी’. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारापासून ये-जा मोकळी आहे. त्यामुळे अशा कामाला निघालेल्या पोरापोरींचे मला अधूनमधून फोन येतात. जायचं कसं, राहायचं कुठे, थंडीला काय न्यायचं, सगळं विचारतात. परत निघायचं कसं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून न विचारता सांगते.

कधी निघावं

शाळेच्या कामाला गेला असाल तर वर्ष जिथे संपतं तिथेच संपवा. नेपाळात वार्षिक परीक्षा फागुन-चैतात उरकतात, दहावीची एसईई ही बोर्डाची परीक्षा साधारण चैतात असते, निकाल लागला की वैशाखात नव्या वर्षाची भर्ना, म्हणजे प्रवेश, सुरू होते. निकालाच्या दिवसानंतर एक-दोन दिवसांनी निघालात तर मुलांच्या दृष्टीने सगळंच संपलेलं असतं; वर्ग बदलतो, पुस्तकं बदलतात, दहावीची मुलं शाळाच सोडतात. त्या सगळ्या बदलांत तुमचं जाणं हा एक बदल. धडा अर्धा टाकून, परीक्षेच्या तोंडावर विमानाचं तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून निघणारे मी पाहिले आहेत. वाचलेले पैसे किती, हे त्यांनाच माहीत.

सांगायचा क्रम असा: आधी हेडसर, त्याच दिवशी संध्याकाळी घरची मंडळी, मग सहशिक्षक, मग मुलं. हेडसरांना सांगून घरी सांगायला दुसरा दिवस उजाडू दिला तर पाण्याच्या धाऱ्यावरून बातमी तुमच्या आधी घरी पोचलेली असते आणि मग घरच्या बाईचा रुसवा काढताना नाकी नऊ येतात. मुलांना शेवटच्या आठवड्यापर्यंत अंधारात ठेवायचा विचार करत असाल तर तो सोडा. त्यांना कळलेलंच असतं. तुम्ही तोंडाने सांगता की नाही, एवढंच ती बघत असतात.

काम हातातून सोडणं

निरोपाचा कार्यक्रम, हार, भाषणं हे पुढे सांगते. त्यात सगळे रमतात, कारण ते सोपं आहे. खरं कठीण काम म्हणजे तुम्ही सुरू केलेलं काहीतरी तुमच्याशिवाय चालेल असं करून ठेवणं. ते जमणार नसेल तर ते स्वतःच्या हाताने बंद करून जाणं. तुमच्या मागे धूळ खात पडलेली पुस्तकांची पेटी पुढच्या स्वयंसेवकाच्या वाटेतला दगड होते. ‘आधीच्यांनीही असंच काहीतरी सुरू केलं होतं’ हे वाक्य मी कितीदा ऐकलंय.

आमच्या शाळेत दुपारच्या खाजानंतर वाचनाचा तास असतो. तो मी सुरू केला, पण आता तो नववीच्या मुली चालवतात. पुस्तक कोणी नेलं, कधी परत केलं, याचं रजिस्टर त्यांच्याकडे. माझी युक्ती अशी की निघायच्या महिनाभर आधी एक आठवडा मी त्या तासाला जातच नाही. गावातच असते, घरी बसून बहिनीला, म्हणजे माझ्या यजमानिणीला, मस्यौरा (सांडगे) वाळत घालायला मदत करते, पण शाळेत त्या वेळी पाऊल टाकत नाही. आठवड्याने काय बिघडलं ते समजतं. किल्ली कोणाकडे राहिली, छोट्यांना पुस्तक कोण निवडून देणार, भांडण झालं तर कोणाकडे जायचं. या गोष्टी तुम्ही गावात असताना उघड्या पडल्या तर दुरुस्त होतात. तुम्ही वाईला पोचल्यावर उघड्या पडल्या तर फोनवर ‘सब ठीक छ’ एवढंच ऐकू येतं.

दुसरी गोष्ट, वही. लिपी देवनागरीच असल्याने मराठी माणसाला याची मोठीच सोय आहे. नेपाळी मोडकी असली तरी वाचता येण्यासारखी लिहिता येते, आणि चुका एखाद्या सहशिक्षकाकडून सुधारून घेता येतात. या वहीत ‘मला इथे काय वाटलं’ असलं काही लिहू नका. लिहा की सातवीत भिन्नाचा धडा कुठवर झाला (अपूर्णांकांना तिकडे भिन्न म्हणतात), कोणती उदाहरणं मुलांना कळली, कोणती तीनदा सांगूनही कळली नाहीत. कुठलं मूल मागच्या बाकावर बसवलं की फळा दिसत नाही म्हणून गप्प बसतं. कोणाला गुणाकार येतो पण परीक्षेत हात थरथरतो. ही वही हेडसरांच्या कपाटात न ठेवता ज्या शिक्षकाला तो वर्ग मिळणार आहे त्याच्या हातात द्या आणि त्याच्यासोबत बसून एकदा वाचा. मुलांची अशी माहिती व्हॉट्सअॅपच्या गटात टाकू नका. गावात कोणाचा मुलगा कच्चा आहे हे सगळ्यांनी जाणायचं कारण नाही.

आणि एक. सहशिक्षकांना तुमच्या जाण्याचं थोडं बरंही वाटत असतं. परदेशातून आलेल्या माणसाभोवती मुलं गोळा होतात, व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष चहाला बोलावतात, आणि वर्षानुवर्षं तिथे खपणारा शिक्षक बाजूला उभा राहतो. मी स्वतः आयुष्यभर ग्रामीण शाळेत काढलं आहे, त्यामुळे बाजूला उभ्या माणसाची बाजू मला कळते. शेवटच्या महिन्यात वर्गात त्यांना पुढे करा. मुलं प्रश्न घेऊन तुमच्याकडे आली तर ‘सरांना विचारा’ म्हणा. आठवड्याभरात पाय तिकडे वळतात.

पैसे आणि वस्तू

दुकानाची उधारी, जीपवाल्याचं भाडं, दुधाचे पैसे, सगळं चुकतं करा आणि नेपाळी नोटांत करा. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी हा दर १९९३ पासून तसाच आहे, त्यामुळे हिशेबाला कटकट नाही. जिथे राहता त्या घरी ठरलेले पैसे निघायच्या आदल्या रात्री एकगठ्ठा देऊ नका, चार दिवस आधी द्या. आदल्या रात्री दिले की निरोपाच्या जेवणाचं बिल भागवल्यासारखं वाटतं आणि यजमानीण ते परत करू बघते.

शाळेला देणगी द्यायची असेल तर विद्यालय व्यवस्थापन समितीच्या खात्यात भरा, रसीद घ्या आणि रक्कम सभेत वाचून दाखवायला सांगा. एखाद्या हुशार मुलीच्या आईच्या हातात गुपचूप पाकीट देण्याचा मोह होतो. देऊ नका. गुपचूप काही राहत नाही. मग शेजारणी त्या मुलीला टोमणे मारतात, आणि ते ऐकायला तुम्ही तिथे नसता.

सामानाचं वाटपही स्वतः करू नये. माझं जॅकेट, कुकर, गरम पाण्याची पिशवी असं सगळं सामान, उरलेली औषधं तेवढी सोडून, मी बहिनीसमोर ठेवते. माझ्याहून लहान आहे म्हणून बहिनी, एरवी सगळं गाव तिला आमा, म्हणजे आई, म्हणतं. कोणाला काय द्यायचं ते ती ठरवते. कोणाकडे गरज आहे, कोणाचा मान राखायला हवा, कोणाला दिलं तर कोण रुसेल, हे गणित मला दहा वर्षं राहूनही सुटणार नाही. औषधं मात्र आरोग्य चौकीत नेऊन द्या. उरलेल्या गोळ्या घरोघर वाटणं हे उपकाराच्या नावाखाली चाललेलं धोक्याचं काम आहे.

मुलांशी

इथे सावकाश वाचा.

मुलं एकच प्रश्न विचारतात, ‘मिस, फेरि कहिले आउनुहुन्छ?’ पुन्हा कधी येणार. याला उत्तर देण्याआधी स्वतःच्या मनाशी स्पष्ट व्हा. यायचं ठरलेलं असेल, तिकिटाचे पैसे बाजूला काढलेले असतील, तर महिना सांगा, मंसिर म्हणा. नसेल तर ‘थाहा छैन’ म्हणा. माहीत नाही. ऐकायला कोरडं वाटेल, पण मुलं ते पचवतात. ‘लवकरच येईन हं’ हे गोड उत्तर मात्र ती जपून ठेवतात. जीप आली की बघायला पळतात. त्या वस्तीत आधीच कितीतरी मुलांचे वडील ‘या दसैंला येतो’ म्हणून मलेशियाला, आखातात गेलेले आहेत. त्यांच्या यादीत तुमचं नाव घालू नका.

नेपाळातच एखाद्या बालगृहात काम करायला गेला असाल तर वेगळं सांगायला हवं. काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन या पर्यटकांच्या वाटेवरच्या जिल्ह्यांतच तिथली बहुतेक बालगृहं एकवटली आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच मुलांचे आईवडील हयात असतात. स्वयंसेवक येतात, महिनाभर मुलांना मांडीवर घेतात, रडत रडत जातात, मग दुसरे येतात. त्या मुलांसाठी निरोप कसा घ्यावा याची माझ्याकडे चांगली पद्धत नाही. तिथे जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. शाळेत जा, जिथे मूल संध्याकाळी आपल्या घरी जातं.

शाळेतल्या मुलांबाबत मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे. शेवटच्या आठवड्यात एक तास नकाशाला द्या. गावापासून वाटेतली ठिकाणं एकेक करून दाखवा: बेंसीसहर, डुम्रे, मुग्लिङ, नारायणगढ, बुटवल, भैरहवा, सुनौली, मग गोरखपूर आणि तिथून रेल्वेने महाराष्ट्र. किती तास बस, किती तास रेल्वे, हे त्यांच्याकडून बेरीज करून घ्या. मिस कुठेतरी आकाशात गायब झाली, यापेक्षा मिस एका रस्त्याने गेली आणि तो रस्ता आपल्याच दारातून सुरू होतो, हे त्यांना जास्त झेपतं. आमच्या सहावीतल्या एकाने हिशेब करून सांगितलं की मी जितक्या वेळात घरी पोचेन तितक्यात त्याचे बाबा दोनदा दोहाला जाऊन येतील. बरोबर होता हिशेब.

फोन नंबर फळ्यावर लिहू नका. सातवी-आठवीच्या मुलांकडे फोन असतात, फेसबुकवर विनंत्या येतात. मी नियम केला आहे की शाळेत शिकणाऱ्या कुठल्याच मुलाशी खासगी बोलणं ठेवायचं नाही. पत्र लिहायचं तर शाळेच्या पत्त्यावर, सगळ्या वर्गाला मिळून. फोन करायचा तर शनिवारी, बहिनीच्या फोनवर, आणि त्या वेळी जे मूल अंगणात असेल त्याच्याशी बोलायचं. फोटोंचंही तेच. मुलांचे फोटो काढले असतील तर ते इंटरनेटवर चढवण्यापेक्षा बेंसीसहरला छापून आणा आणि ज्याचा त्याला द्या. छापील फोटोची तिथे किंमत आहे. भिंतीवर आजोबांच्या पलटणीतल्या फोटोशेजारी लागतो.

घरोघर

शेवटचे चार-पाच दिवस दुपारनंतरचा वेळ मोकळा ठेवा. वरच्या टोल्यापासून (वस्तीपासून) सुरुवात करून उतरत या, म्हणजे चढ एकदाच लागतो. आधी म्हातारी माणसं. प्रत्येक घरी चहा होणार, कुठे मकै भुटलेला, कुठे सेल रोटी, आणि गुरुङ घरात कोदोची, म्हणजे आपल्या नाचणीची, रक्सी (घरची दारू) पुढे येणार. घेत नसाल तर पहिल्याच घरी सांगा, कारण तिसऱ्या घरी सांगितलंत तर पहिल्या दोन घरी का घेतली असा प्रश्न निघतो. ज्या घरात दुखवटा आहे तिथे नुसतं जाऊन बसा. टिका लावून घ्यायचा नाही, हार नाही, हसणं-खिदळणं नाही, फोटो तर नाहीच.

या फेरीत मला एक गोष्ट कळली, आणि या सगळ्या लिखाणात सांगण्यासारखी तीच आहे. या गावाला माणसं जाण्याची सवय आहे. एका घरचे आजोबा भारताच्या गोरखा पलटणीत होते, पेन्शन अजून तिकडून येते, माझ्याशी हिंदीत बोलतात आणि देवळालीच्या छावणीची चौकशी करतात. २०२२ पासून अग्निपथच्या वादात नेपाळमधून होणारी ती भरती थांबली आहे, म्हणून नातू दुबईला गेला. धाकटा जपानी भाषेच्या क्लासला काठमांडूत आहे. काठमांडूच्या त्रिभुवन विमानतळाच्या दाराशी कधी उभे राहा: कपाळावर टिका, गळ्यात खादा (सन्मानाचं उपरणं) आणि हार घातलेली पोरं रांगेत, आणि कठड्याच्या अलीकडे त्यांच्या आया. तिथल्या लोकांना निरोप देता येतो. किती रडायचं, कुठे थांबायचं, वाटेत खायला काय बांधून द्यायचं, पहिला फोन कधी येईल, सगळं त्यांना पाठ आहे. तेव्हा आपल्या जाण्याने गावावर आभाळ कोसळेल असा समज असेल तर तो वरच्या टोल्यावरच सोडून या. ते तुम्हाला त्यांच्या पद्धतीने पाठवतील. तुम्ही फक्त नीट पाठवून घ्या.

बिदाईचा कार्यक्रम

शाळेतला कार्यक्रम बहुधा शुक्रवारी अर्ध्या सुट्टीनंतर होतो, शनिवारी सुट्टी असते म्हणून. ‘माझ्यासाठी काही करू नका’ असा नम्रपणा दाखवू नका. आमा समूहाच्या, म्हणजे गावच्या महिला मंडळाच्या, बायकांनी नाच बसवलेला असतो. त्यांना वेळ विचारा आणि वेळेच्या आधी पोचा. चैतात लालीगुराँस (ऱ्होडोडेंड्रॉन) फुललेला असतो, त्याचे हार करतात. फुलं जड आणि ओलसर असतात, फिकट कपडे घालून गेलात तर डाग पडतात. गडद रंग घाला.

हार आणि खादा घालताना मान पुढे वाकवा. घातलेला हार लगेच काढून टेबलावर ठेवायची आपल्या सभासमारंभांतली सवय तिथे मोडा. ढीग नाकापर्यंत आला तरी बसून राहा. हातात काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्या, किंवा उजव्या हाताने घेताना डावा हात उजव्या कोपराला लावा. टिका म्हणजे दह्यात कालवलेले तांदूळ, कुणाकडे अबिर घालून लाल, कुणाकडे पांढरेच. वाळून आपोआप पडेपर्यंत तो पुसायचा नाही. मोठी माणसं टिका लावताना हातात दक्षिणा ठेवतील. दहाची किंवा वीसची नोट असेल, ठेवणाऱ्याची परिस्थिती तुम्हाला ठाऊक असेल, आणि तरीही ती परत करायची नाही. कपाळाला लावून खिशात ठेवा.

भाषण तीन मिनिटांचं. लिहून काढा, एखाद्या नववीतल्या मुलीला वाचून दाखवा, ती हसेल तिथे दुरुस्त करा. ‘तुम्ही मला जगायला शिकवलं’ छापाची वाक्यं काढून टाका. ऐकणाऱ्यांना त्यातलं काही आठवत नाही. माणसांची नावं घ्या आणि त्यांनी काय केलं ते सांगा. मुलांचा दिवा खाजा (दुपारचं खाणं) शिजवणाऱ्या दिदीचं नाव पहिलं घ्या, शाळेची घंटा देणाऱ्या कार्यालय सहयोगी दाईंचं (दाई म्हणजे दादा, शिपाईदादा) दुसरं. हेडसर आणि समितीचे अध्यक्ष यांची नावं घ्यायला बाकीचे वक्ते आहेतच. ज्या शिक्षकाकडे वही दिली त्याला सगळ्यांसमोर सांगा की आता हा वर्ग यांचा. नाचायला ओढलं तर नाचा. मी साठी उलटलेली, गुडघे दुखतात, तरी दोन फेऱ्या घेते. त्यात न जाण्याने जेवढा गोंधळ होतो तेवढा वाईट नाचण्याने होत नाही.

रडू आलं तर येऊ द्या, पण माइक हातात असताना नको. तुम्ही माइकवर रडलात की पुढची मुलं रडतात, मग आया, आणि आमा समूहाचा नाच रद्द होतो.

निघायची सकाळ

वेळ घरचे ठरवतील, साइत, म्हणजे मुहूर्त, बघून. साइत पहाटेची निघाली आणि जीप नऊची असेल, तर तुमची एखादी पिशवी पहाटेच शेजारच्या घरी नेऊन ठेवतील. आपल्याकडे पूर्वी प्रस्थान ठेवायचे, तेच. हट्टाने ‘मी असलं मानत नाही’ म्हणू नका, पिशवी द्या. दाराच्या दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या, फुलं घातलेल्या गाग्री असतील, त्यांच्यामधून बाहेर पडायचं. दही खायला देतील. बेंसीसहरच्या बाजारात एखाद्या नेवार कुटुंबाने थांबवलं तर तिथे दह्यासोबत उकडलेलं अंडं आणि रक्सीचा सगुन मिळतो. शाकाहारी असाल तर हातात घ्या आणि काय करायचं ते त्यांनाच विचारा, ते समजून घेतात.

जीप आली की बसा. ‘अजून पाच मिनिटं’ करत अर्धा तास घालवला की ज्यांनी हात हलवून झाले आहेत ते उन्हात ताटकळतात आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवतो.

बेंसीसहर ते डुम्रे चाळीसेक किलोमीटर, तिथे पृथ्वी राजमार्ग लागतो. सुनौलीकडे जाणारी गाडी पकडा. उरलेले नेपाळी रुपये सीमेवरच बदला, गोरखपूरच्या पुढे कोणी घेत नाही. गोरखपूरहून मुंबईच्या गाडीचं आरक्षण आधीच करून ठेवा; एप्रिलच्या तोंडावर गर्दी असते, आणि हारांचा वास येणारी पिशवी घेऊन जनरलच्या डब्यात उभं राहण्यात काही गंमत नाही.

घरी पोचल्यावर

पोचल्याचा फोन त्याच दिवशी करा. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं असतं, आणि गाव लवकर झोपतं, तेव्हा रात्री नऊनंतर नको. पहिल्या आठवड्यात रोज फोन करावासा वाटेल. करू नका. वाचनाचा तास चालला का हे रोज विचारणं म्हणजे सोडलेली किल्ली परत मागणं.

काही महिन्यांनी पैशांची मागणी येईल. कोणाच्या आजारपणासाठी, कोणाच्या परदेशी जाण्याच्या दलालाला द्यायला. काय द्यायचं आणि काय नाही हे निघण्याआधीच ठरवून ठेवा, फोन आल्यावर ठरवाल तर प्रत्येकाला वेगळं उत्तर जाईल. मी दलालासाठी कधीच देत नाही. आजारपणासाठी बहिनीला विचारते, ती हो म्हणाली तर देते, आणि तिच्या हातून देते.

शाळेने दुसरा स्वयंसेवक नेमला तर त्याचा नंबर मागून घ्या, पण स्वतःहून एकदाच फोन करा. वही कोणाकडे आहे ते सांगा, नववीच्या मुलींची ओळख करून द्या, पाणी कुठल्या धाऱ्याचं प्यायचं ते सांगा. कोण चांगलं, कोण वाकडं, हे सांगत बसू नका, त्याचं तो बघेल. बहिनीच्या घराच्या पायऱ्यांपाशी काळं कुत्रं असतं, ते नव्या माणसाला चावतं, हे मात्र आठवणीने सांगा.